होस्टेलातल्या बहिणी

परवा रात्री जेवणं आटोपून ओटा पुसत होते, तर नणंदबाईंचा अमेरिकेहून फोन. आवाजावरून कळलंच की काहीतरी बिनसलंय. म्हणाल्या, "वहिनी, तुमची भाची आता पैसे भरून बहिणी विकत घेऊन राहिली!"

मला काही कळेना. मग भाचीनेच फोन हिसकावून घेतला. तिचं मराठी अर्धं इंग्रजी, पण प्रेमळ पोर आहे. "मामी, आईला काही सांगू नको, तू ऐक." आणि मग तिने सांगितलं ते असं. तिच्या युनिव्हर्सिटीत मुलींची मंडळं असतात. त्यांना सोरोरिटी म्हणतात, मुलांच्या मंडळांना फ्रॅटर्निटी. सोरोरिटी म्हणजे बहिणींचा मेळा, असा अर्थ धरून चाला. मोठ्या मंडळांची स्वतःची घरं असतात, दारावर ग्रीक अक्षरं रंगवलेली. वर्षाच्या सुरुवातीला नव्या मुलींनी नटूनथटून या घरातून त्या घरात जायचं, जुन्या मुलींशी हसून बोलायचं. मग आत बसून त्या ठरवणार, कोण हवी आणि कोण नको. निवड झाली की वर्गणी भरायची, शपथ घ्यायची. प्रत्येक नवीला एक जुनी मुलगी मोठी बहीण म्हणून मिळते.

मी म्हटलं, "अगं, हे तर मुलगी बघायला येतात तसंच झालं की! फक्त पोहे नाहीत." ती खूप हसली. तिच्या आईला काही हसू आलं नाही.

नणंदबाईंचा राग वर्गणीचा होता, पण त्याहून मोठा राग दुसराच होता. पोरीने निवडलेलं मंडळ भारतीय वंशाच्या मुलींचं आहे. "एवढ्या लांब आणून वाढवली ती काय आपल्याच लोकांत बसायला? तिकडे जातीची बोर्डिंगं होती, इथे येऊन हे!" असं त्या म्हणाल्या, फोन ठेवला, आणि माझी झोप गेली. कारण बोर्डिंग हा शब्द त्यांनी काढला आणि मला माझं होस्टेल आठवलं.

आधी भाचीच्या बाजूने थोडं सांगते. या मंडळांचा इतिहास मी नंतर मुद्दाम वाचून काढला. ग्रीक अक्षरांचं पहिलं मंडळ 1776 मध्ये व्हर्जिनियातल्या एका कॉलेजात मुलांनी काढलं, फाय बीटा कप्पा नावाचं. मुलींनी 1851 मध्ये जॉर्जियातल्या मेकन गावच्या वेस्लियन कॉलेजात आपलं पहिलं गुप्त मंडळ काढलं. मुलगी कॉलेजात जाते हीच तेव्हा तिकडेही नवलाई होती. अशा वेळी चार मुलींनी एकमेकींचा हात धरला, तर त्यात वावगं काय? पण पुढे या मंडळांची दारं गोऱ्या मुलींपुरतीच उघडी राहिली. मग वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात 1908 मध्ये कृष्णवर्णीय मुलींनी आपलं वेगळं मंडळ काढलं, अल्फा कप्पा अल्फा. अमेरिकेच्या उपाध्यक्ष झालेल्या कमला हॅरिस त्याच मंडळातल्या. त्या 2020 मध्ये निवडणुकीला उभ्या राहिल्या तेव्हा या मंडळातल्या बायका देशभरातून त्यांच्या मागे उभ्या राहिल्या. आणि 1998 मध्ये टेक्सासच्या ऑस्टिनमध्ये कप्पा फाय गॅमा आणि न्यूयॉर्कमध्ये सिग्मा सिग्मा रो अशी आपल्याकडच्या वंशाच्या मुलींची मंडळं निघाली. म्हणजे दाराबाहेर ठेवलेल्यांनी आपलं दार बांधायचं, ही रीत तिकडचीही आहे.

आपल्या महाराष्ट्राला ती नवी नाही. शाहू महाराजांनी कोल्हापुरात 1896 मध्ये सगळ्या जातींसाठी मिळून एक वसतिगृह काढून पाहिलं होतं. कागदावर सगळ्यांना प्रवेश, प्रत्यक्षात राहिली ती एकाच जातीची मुलं. बाकीच्यांना तिथे आपलं वाटेचना. मग महाराजांनी 1901 मध्ये मराठा आणि जैन मुलांची, 1906 मध्ये मुस्लिम मुलांचं, 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, अशी एकेका समाजाची वसतिगृहं उभी केली. आज कुणी म्हणतं, महाराजांनी जाती वेगवेगळ्या बसवल्या. मला तसं वाटत नाही. ज्या पोराला ताटावर बसायची भीती वाटते, त्याला आधी पोटभर जेवू घालावं लागतं. एकत्र पंगत त्यानंतरची.

ती एकत्र पंगतही पुढे बसली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढलं, तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र स्वयंपाक करायची, एकत्र जेवायची. आपल्याकडे अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुखांच्या श्रद्धानंद छात्रालयातही जातीची अट नव्हती. पण मला यात सगळ्यात जास्त आठवतात त्या भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई. माहेर संपन्न, कर्मठ वातावरणात वाढलेल्या. त्यांनी सगळ्या जातींची पोरं आपल्या घरात घेतली, त्यांची उष्टी-खरकटी काढली आणि बोर्डिंगात दाणा संपला तेव्हा अंगावरचे दागिने दिले. शेवटी मंगळसूत्रसुद्धा दिलं. आपल्यापैकी किती जणी देऊ? मी तर बांगडी काढतानाही दहा वेळा विचार करीन. 1930 मध्ये त्या गेल्या. पुतळे भाऊरावांचे झाले, ते व्हायलाच हवेत, पण त्या मंगळसूत्राची आठवण आपण बायकांनी तरी ठेवावी.

आता माझं होस्टेल. आमचं गाव नेर तालुक्यात. अमरावती विद्यापीठ 1983 मध्ये नागपूरपासून वेगळं झालं, त्याच वर्षी मी अमरावतीला कॉलेजात गेले. कॉलेजचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. लोखंडी पेटी, वळकटी, आईने दिलेला चिवड्याचा डबा आणि लोणच्याची बरणी. दादा येष्टीने सोडायला आले होते. फी अर्धीच भरली होती, उरलेली कापसाचे चुकारे झाल्यावर. ते वाक्य दादांनी क्लार्कला सांगितलं तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मागे उभी असलेली एक मोठी मुलगी म्हणाली, "काका, आमच्याही घरचे चुकारे व्हायचेच आहेत. काळजी करू नका जी." तीच पुढे आमची ताई झाली. दिग्रसकडची होती.

त्या ताईने मला काय दिलं हे सांगायला बसले तर पुरवणी पुरणार नाही. टायफॉइड झाला तेव्हा मेसमधून भाताची पेज करून आणायची. बस कुठून सुटते, लायब्ररीत कार्ड कसं काढायचं, पाळीच्या दिवसांत प्रॅक्टिकल आलं तर काय करायचं, हे सगळं तिनेच शिकवलं. घरी आई असून तिने या गोष्टी कधी बोलल्या नव्हत्या. एका मुलीला शिक्षिकेच्या मुलाखतीला जायचं होतं, तर सगळ्या खोल्यांमधून एक बरी साडी, एक घड्याळ आणि चपला गोळा झाल्या. ती साडी पुढे चार मुलाखतींना गेली! दोन जणींची नोकरी लागली. आम्ही म्हणायचो, नोकरी साडीलाच लागते.

म्हणून कुणी मला सांगितलं की हे बहिणी-बहिणी सगळं ढोंग असतं, तर मला पटत नाही. आमच्या पिढीतल्या खेड्यातल्या किती मुली केवळ एका ताईच्या भरवशावर डिग्रीपर्यंत पोचल्या!

पण याच होस्टेलात दुसरंही घडलं. आजवर मी ते कुठे लिहिलं नाही. घरातही बोलले नाही.

1984 मध्ये मी दुसऱ्या वर्षाला गेले, म्हणजे आम्ही सिनियर झालो. नव्या मुली आल्या. त्यांची रात्री जेवणानंतर ओळख करून घ्यायची पद्धत होती. आम्ही त्याला ओळखच म्हणायचो, रॅगिंग हा शब्द मेडिकल-इंजिनिअरिंगच्या मुलांचा. नाव सांग, गाव सांग, गाणं म्हण, झाडूला मिठी मार, असले प्रकार. आम्हीही ते आदल्या वर्षी केले होते, रडलो होतो आणि नंतर हसलो होतो.

त्या वर्षी झरी-जामणी भागातली एक मुलगी आली होती. कोलामांच्या पोडावरची. तिच्या पोडावरून कॉलेजात आलेली पहिलीच. तिची मराठी वेगळी होती, क्रियापदं इकडची तिकडे व्हायची. तिने पहिल्या रात्री नाव सांगितलं आणि आम्ही हसलो. दुसऱ्या रात्री तिला म्हटलं, तुझ्या भाषेत बोल. ती बोलली, आम्ही आणखी हसलो. मग रोजच. नाचून दाखव, तुमच्याकडे कसं नाचतात. बाकीच्या मुलींची ओळख चार दिवसांत संपली, त्यांच्याशी मैत्र्या झाल्या. हिची ओळख काही संपेना. कुणी म्हणायचं, ही सरकारी कोट्यातली, हिला काय, सगळं फुकट. मेसमध्ये तिच्या बाजूची जागा रिकामी राहायची. कुणी ठरवून ठेवली असंही नाही. कुणी बसायचंच नाही.

तिची खोली माझ्या खोलीला लागून होती. त्यामुळे रात्री तिचं दार वाजवायचं काम माझ्याकडे होतं. "चल गं, ताई बोलावून राहिल्या." मी काही पुढारी नव्हते. मी फक्त दार वाजवायची आणि हसायची. आमची दिग्रसची ताई त्या वर्षी होस्टेलात नव्हती, असती तर कदाचित थांबवलं असतं. कदाचित नसतंही. तिच्यावर ढकलून मला मोकळं होता येणार नाही.

दिवाळीच्या सुट्टीत ती गावी गेली ती परत आली नाही. तिची पेटी न्यायला एक म्हातारे गृहस्थ आले होते, डोक्याला मुंडासं. त्यांना आवारातून फाटकाकडे जाताना मी पाहिलं. पेटी डोक्यावर होती. मॅडमनी विचारलं तर आम्ही सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, "तिला अभ्यास झेपत नव्हता." तिच्या पलंगावर आठवड्यात दुसरी मुलगी आली.

तिचं पुढे काय झालं मला ठाऊक नाही. मी कधी चौकशीही केली नाही. पुढे लग्न झालं, यवतमाळला आले, वणी-पांढरकवड्याकडे लग्नकार्याला कितीदा जाणं झालं. पोडाची वाट दिसली की मी खिडकीतून दुसरीकडे बघत असे.

2019 च्या मे महिन्यात मुंबईच्या नायर रुग्णालयात डॉ. पायल तडवीने आत्महत्या केली, तेव्हा सगळ्या पेपरांत तिचा फोटो होता. जळगावकडची, तडवी भिल्ल समाजातली, स्त्रीरोगशास्त्राचं पुढचं शिक्षण घेत होती. सव्वीस वर्षांची. तीन सिनियर डॉक्टर मुली जातीवरून टोमणे मारत होत्या, असा तिच्या घरच्यांचा आरोप. प्रकरण न्यायालयात गेलं. त्याच वर्षी तिच्या आईने, आबेदा तडवींनी, रोहित वेमुलाच्या आईसोबत सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. आमच्या भिशीत या विषयावर चर्चा झाली. सगळ्या म्हणाल्या, कशा बाई असतात मुली! मीही म्हणाले. हातातला चहा मात्र मला गेला नाही.

माणसाच्या जिवावर उठण्याएवढं वाईट आमच्यात कुणी नव्हतं. बहुतेक ठिकाणी नसतंच. अमेरिकेतही 2017 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका विद्यापीठात टिमोथी पियाझा नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा अशाच मंडळात सामील होण्याच्या रात्री गेला. त्याला दारू पाजली, तो जिन्यावरून पडला आणि त्याच्या होऊ घातलेल्या 'भावांनी' कित्येक तास अँब्युलन्स बोलावली नाही. ती मुलंही गुंड नव्हती. 2024 च्या डिसेंबरात तिकडे देशभरासाठी कायदा झाला, कॉलेजांनी असले प्रकार जाहीर करायचे म्हणून. आपल्याकडे कायदा त्याआधीचा आहे, हे किती जणींना माहीत आहे? महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा 1999 चा. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. दोषी ठरल्यास कॉलेजातून काढतात आणि पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश नाही. तक्रार आल्यावर सात दिवसांत चौकशी करणं प्राचार्यांवर बंधनकारक आहे. दुर्लक्ष केलं तर त्यांनी गुन्ह्याला मदत केली असं धरलं जातं. 2009 मध्ये यूजीसीने देशभरासाठी नियम केले, आणि 2016 च्या दुरुस्तीत तर जात, धर्म, दिसणं, भाषा, गाव, घरची परिस्थिती यावरून छळणं म्हणजे रॅगिंगच, असं स्पष्ट लिहिलं. भाषेवरून! ते वाचताना मला ती क्रियापदं आठवली.

प्रवेशाच्या वेळी मुलीच्या आणि पालकांच्या सह्यांचं जे हमीपत्र घेतात ते याच नियमांचं. आपण ते न वाचता सही करून देतो, रेशनच्या फॉर्मसारखं. आपली मुलगी रॅगिंग करणार नाही, याची आपण हमी देतो, हे ध्यानात असू द्या. आईला नेहमी वाटतं, आपल्या मुलीला कुणी त्रास देईल. आपली मुलगी देईल, असं कुणाला वाटतं? माझ्या आईला वाटलं नव्हतं.

हे सगळं आता आठवायला आणखी एक कारण झालं. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाई घाटंजी तालुक्यातल्या. त्यांच्या मुलीला यंदा नागपूरला नर्सिंगला प्रवेश मिळाला. आनंद काय सांगू! पण दुसऱ्या दिवशी बाई पीठ मळता मळता म्हणाल्या, "ताई, तिथं आपल्या लोकायच्या पोरी असतीन नं?"

मी पटकन म्हटलं, "असतील हो, का नसतील!" आणि मग मनात आलं, नणंदबाई या प्रश्नावर चिडल्या असत्या. मी चिडू शकत नाही. ज्यांना हे विचारावं लागत नाही, त्यांच्यासाठी सगळं होस्टेलच आपल्या लोकांचं असतं. शाहू महाराजांना 1896 मध्ये जे कळलं ते हेच. भाचीचंही तेच आहे. तिला त्या गोऱ्या घरांमध्ये प्रवेश मिळाला असताही, पण कुणीतरी रोज विचारणार, तुमच्याकडे कसं नाचतात. म्हणून ती जिथे हे विचारत नाहीत तिथे गेली. जाऊ द्या तिला. आपल्यांच्यात बसावंसं वाटणं हा काही गुन्हा नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की आत बसल्यावर दाराकडे पाठ करून बसू नये, आणि बाहेरून येणारीकडून आत यायची किंमत घेऊ नये. ओळख म्हणून नाही आणि गंमत म्हणूनही नाही. "आम्हीही सोसलं" हे तर अजिबात कारण नाही. आपल्या सासवांचं हेच कारण ऐकून आपण वैतागलो होतो ना? मग सिनियर झाल्यावर तेच आपल्या तोंडी कसं आलं?

आता होस्टेलंही बदलली. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलींना स्वाधारसारख्या योजनेतून पैसे मिळतात. चांगलंच आहे. पण दोघी-तिघी खोली करून राहतात, तिथे ना मेस, ना मॅडम, ना पेज करून आणणारी ताई. आणि ओळखपरेड मोबाइलवर आली आहे. नव्या मुलींचा ग्रुप करायचा, रात्री अकराला 'इंट्रो' मागायचा, आवाज रेकॉर्ड करून पाठवायला लावायचा. दार वाजवायलाही कुणी लागत नाही. आई शेजारच्या खोलीत झोपलेली असली तरी तिला कळायचं नाही.

पोळ्यांच्या बाईंच्या मुलीला मी हमीपत्र वाचून दाखवलं. रॅगिंगच्या तक्रारीचा फुकटचा नंबर, 1800-180-5522, तिच्या मोबाइलमध्ये घालून दिला. बाईंना म्हटलं, फोनवर रोज जेवण कसं आहे ते विचारू नका, जेवण सगळीकडे वाईटच असतं. जेवताना बाजूला कोण बसते ते विचारा. आठ दिवसांनी बाई आल्या त्या सांगतच, "भंडाऱ्याची हाय एक. अन् एक केरळची. तिले मराठी येत नाही, तं हे तिले शिकवून राहिली." मग जरा थांबून म्हणाल्या, "हासून राहिली म्हने तिच्या बोलन्याले सगळी." मी विचारलं, "आणि आपली?" बाई म्हणाल्या, "ते नाही इचारलं जी." म्हटलं, आज रात्री विचारा.

भाचीचा काल परत फोन आला होता. पुढच्या वर्षी तिलाही एक धाकटी बहीण मिळणार आहे म्हणून तिचे बेत चाललेत. "मामी, तुमच्या वेळी होस्टेलमध्ये न्यू गर्ल्सना तुम्ही कसं वेलकम करायच्या?" मी त्या साडीची गोष्ट सांगितली, पेजेची सांगितली. तिला फार आवडली. दुसरी गोष्ट फोनवर सांगवली नाही. तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून हा लेख नणंदबाईंना पाठवते आहे. वाचून दाखवताना 1984 चा भाग गाळू नका, असं त्यांना आधीच सांगून ठेवलंय.